एका पायावर उभा माणूस

अक्कानं पत्त्यांच्या गड्डीतून एक पत्ता उचलला तो मंगळवार होता. शनिवारी तिला परभणीला हजर व्हायचं होतं. तिनं मला पत्त्याचा अर्थ विचारला आणि मी तो सांगितला. शनिवारी ती लातुरातच होती, माझ्यासाठी भाकरी करत.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, नांदेडला स्टेशनजवळच्या एका लॉजचे मॅनेजर होते. मॅनेजर हा शब्द मोठा झाला. किल्ल्या देणं, चादरी मोजणं आणि सकाळच्या गाडीच्या माणसांना दार वाजवून उठवणं एवढंच त्यांचं काम. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला लांबलांबून आलेली माणसं तिथं उतरत आणि जाताना हमखास काहीतरी विसरून जात. विसरलेली वस्तू दादा एका लोखंडी पेटीत ठेवत. तिला चिठ्ठी लावत, चिठ्ठीवर खोलीचा नंबर आणि तारीख लिहीत. वर्षभरात कोणी मागायला आलं नाही तर मालक म्हणायचे, "घेऊन जा घरी." त्यामुळे आमच्या घरात बऱ्याच वस्तू परक्या होत्या. छत्री लुधियान्याची होती, मफलर कुणा फौजीचं होतं, आरसा कुणाचा होता ते दादांनाही आठवत नव्हतं. मी वाचायला शिकले तीही अशाच पुस्तकांवर. ती बहुतेक अर्धी वाचून विसरलेली असत, मधे खुणेला रेल्वेचं तिकीट असे. मी त्या तिकिटापासून पुढे वाचायला लागे आणि मागचं मनानं रचत असे. ही सवय चांगली नव्हती, हे आता कळतं.

पत्त्यांची गड्डी त्याच पेटीतून आली. एक परदेशी बाई पंधरा दिवस राहून गेली होती, तिच्या उशीखाली सापडलेली. रेशमी फडक्यात गुंडाळलेले मोठे मोठे पत्ते, आणि सोबत काडेपेटीएवढी इंग्रजी पुस्तिका, भविष्य बघताना कुठल्या पत्त्याचा काय अर्थ ते सांगणारी. दादांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाले, "खेळायचे दिसत न्हाईत. राजा हाय, राणी हाय, पर सैतान बी हाय. तुझ्या कामाचं हाय का बघ." कागदावर काहीही छापलेलं असलं की ते माझ्या कामाचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दहावीला मला चांगले मार्क पडले, तेव्हा त्यांच्या या मताला जणू सरकारी शिक्का मिळाला. पोरगी डॉक्टर होणार, लातूरला जाणार, असं लॉजच्या नोकरांपासून गावाकडच्या भावकीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

पण मुलीला एकटीला परगावी ठेवायला दादा तयार नव्हते. माय येऊ शकत नव्हती. दादांचं जेवण आणि गावाकडची चार एकर, दोन्ही तिच्याच अंगावर होतं. राहिली अक्का. कमलअक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. उदगीरला दिलेली. दोन वर्षं नांदली आणि एका दिवाळीला माहेरी आली ती आलीच. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं, हे आम्हाला धान्याच्या मोंढ्यावरच्या एका हमालाकडून कळलं. तरी माय म्हणत राहिली, "येतील न्यायला." अक्का काहीच म्हणत नसे. ती दहावी पास होती, अक्षर मोत्यासारखं होतं, आणि घरात तिला करायला चूल सोडून काही नव्हतं. म्हणून मी अकरावीला लातूरला निघाले तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की दोन्ही पोरींचा प्रश्न एका खोलीत सुटला.

त्या खोलीचं काय सांगू. एका लांबट आवारात सहा खोल्यांची रांग. प्रत्येक खोलीत एक शिकणारं पोर आणि त्याच्यासाठी गावाहून आलेली एक रांधणारी: कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची विधवा आत्या. पहाटे सहा स्टोव्ह एकदम भडभडत आणि त्या आवाजाच्या वर एखादं पोर मोठ्यानं सूत्रं पाठ करत असे. बायका एकमेकींना पोरांच्या मार्कांवरून ओळखत. "ती एक्याण्णववाली" म्हटलं की शेवटच्या खोलीतली वयस्कर मावशी. मला शहाऐंशी पडले त्या आठवड्यात अक्का नळावर कुणाशी बोलली नाही. नळाला पाणी यायचं ते आठ-आठ दिवसांनी, आणि आलं की पुस्तकं टाकून सगळे घागरी घेऊन धावत. खायला सकाळी सुशीला, चुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचा कूट. दुपारी भाकरी आणि आंबाडी. मायनं पाठवलेलं येसर, भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ, असेल तोवर त्याची आमटी, आणि मायकडून कुणी आलं की दही-धपाटे. अक्काच्या हाताची भाकरी पापुद्रा उचलला की वाफ सोडायची. मी भूमितीच्या वहीवर ताट ठेवून जेवत असे. ती वही अजून आहे, पानांवर तेलाचे गोल आहेत.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास मला सुट्टी असे. ही सुट्टी अक्कानंच ठरवलेली. "मेंदूला वारा लागू दे," म्हणायची. मग गड्डी निघे. ती डोळे मिटून एक पत्ता उचलायची, आधी स्वतः अर्थ लावायची, आणि मग मी शब्दकोश घेऊन पुस्तिकेतला अर्थ सांगायची. तिचे अर्थ पुस्तिकेपेक्षा किती तरी चांगले होते. एका पत्त्यावर एक बाई दोन सुरया घेऊन पाणी ओतत होती, एक डोहात, एक कोरड्या जमिनीवर. अक्का म्हणाली, "आगं येडे, भरली घागर सांडून राहिली! हिला आठ दिवस आपल्या नळावर उभी करा." पुस्तिकेत त्या पत्त्याचा अर्थ आशा असा होता. दुसऱ्या एका पत्त्यावर हाडांचा सापळा मोठा विळा घेऊन उभा होता, पायाशी माणसांची मुंडकी पडलेली.  अक्का निरखून बघत म्हणाली, "हा ज्वारी काढायला आलाय. अंगावर मांस न्हाई बिचाऱ्याच्या. मालक भाकर बी देत नसंल." मी सांगितलं की हा मृत्यूचा पत्ता, पण पुस्तिका म्हणते याचा अर्थ मरण नव्हे, बदल. "मंग बरोबर हाय की," ती म्हणाली. "काढणी झाल्याबिगर पेरणी कशी व्हईल?"

शेजारच्या खोलीत पोर नव्हतं. तिथं सिस्टरबाई राहत. सरकारी दवाखान्यात नर्स, पन्नाशीच्या, एकट्या. त्या कधीमधी दारात उभ्या राहून आमचा खेळ बघत, पण आत येत नसत. सापळा बघून म्हणाल्या होत्या, "मला नको दाखवू गं बाई. ड्युटीवर रोज भेटतो." अक्काचं आणि त्यांचं जमलं ते एका इंजेक्शनवरून. शेवटच्या खोलीतल्या मावशीला ताप होता. सिस्टरबाईंनी अक्काला हात धरायला सांगितला आणि नंतर म्हणाल्या, "तुझा हात हालत नाही. दहावी झालीस ना? नर्सिंगचा फॉर्म भर." अक्का हसली. "माझं काय वय हाय का सिस्टर?" तर त्या म्हणाल्या, "यंदापुरतं आहे. पुढल्या वर्षी बसणार नाहीस वयात." हे वाक्य मी ऐकलं आहे. मी आत खाटेवर बसून रसायनशास्त्र वाचत होते आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होते की ऐकलं नव्हतं. म्हणून इथं लिहून ठेवते.

अक्कानं फॉर्म भरला, नांदेडला काही न सांगता. मुलाखतीला एक दिवस जाऊन आली. मला सांगून गेली की मायच्या ओळखीच्या कुणाकडे जाते. आली तेव्हा साडीला रेल्वेचा कोळशासारखा वास होता आणि ती आल्याआल्या स्टोव्हपाशी बसली. माझी बारावी सुरू होऊन दोन महिने झाले होते. सोमवारी दुपारी पोस्टमननं पत्र टाकलं. निवड झाली होती. परभणीला नर्सिंगचं प्रशिक्षण, राहायला वसतिगृह, मूळ कागद घेऊन शनिवारपर्यंत हजर व्हा. अक्कानं ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिला स्वतःला वाचता येत होतं. पण आमच्या घरात छापील कागद मी वाचायचा, असं होतं.

त्याच संध्याकाळी माय आली, ज्वारीचं पीठ आणि लोणचं घेऊन. तिला काहीच माहीत नव्हतं. अक्कानं तिला पत्र दाखवलं. मायनं पिठाची पिशवी कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाली, "आन् हिचं काय?" माझ्याकडे बोट होतं. "तुझे दादा हिला एक दिस बी एकटी ठिवणार न्हाईत. घरी नेऊन बसवतील. वरीस वाया. साऱ्या गावाला सांगून बसलेत त्ये, डॉक्टर व्हणार म्हणून."

"आन् माझं, माय?" अक्का म्हणाली. एवढंच. मी तिला आयुष्यात इतकं उघड बोलताना तेव्हाच ऐकलं.

"तुझं काय चाललं न्हाई का? खाऊन-पिऊन हाईस की. आन् उद्या उदगीरवाले आले, तर कुठं सांगू, परभणीला दवाखान्यात हाय म्हणून?"

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. मंगळवारी संध्याकाळी माय परत जायच्या बेतात पिशवी भरत होती. सिस्टरबाई दारात आल्या होत्या, अक्कानं कागद गोळा केले का ते विचारायला. अक्का उठली, फडताळावरनं गड्डी घेतली आणि माझ्यापुढं बसली. "मला काय सुधरत न्हाई," ती म्हणाली. "पत्ता काढते. जे येईल ते. तू पुस्तकात बघून सांग. आज मी माझ्या मनाचं काय सांगणार न्हाई."

माय म्हणाली, "देवाला कौल लावायचा सोडून हे काय गं?" पण पिशवी खाली ठेवून ती बघायला आली.

अक्कानं पत्ता उचलला आणि जमिनीवर ठेवला. एक तरुण माणूस, एका पायावर ताठ उभा. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागं घेतलेला. हात पाठीमागं. डोक्याभोवती पिवळं तेज. अक्काचा चेहरा शांत झाला. माय तर वाकून हातच जोडायला निघाली. "तप करून राहिलाय," ती म्हणाली. "एका पायावर. बघ कसं तेज हाय."

मी तो पत्ता ओळखला होता. तो माणूस उभा नव्हता. तो लाकडाला एका पायानं उलटा टांगलेला माणूस होता, आणि पत्ता उलटा पडल्यामुळे आम्हाला तो उभा दिसत होता. रोमन आकड्याच्या रेघाही उलट्या होत्या. हा पत्ता अक्काच्या हाती पहिल्यांदाच आला होता, आणि बाकी तिघींपैकी कुणीही टांगलेल्या माणसाचं चित्र कधी पाहिलेलं नव्हतं. पण एका पायावर तप करणारे ऋषी मात्र सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होते. मी पुस्तिका उघडली. सुलट आला तर: थांबणं, स्वतःहून दिलेला त्याग. उलटा आला तर: वाया जाणारा त्याग, टांगून राहण्याची वेळ संपली, आता खाली उतरावं. ही ओळ मी आधी कधीतरी वाचली होती आणि तिच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली होती. मी वाचताना सुंदर वाक्यांखाली रेघा ओढत असे. ती ओळ मला तेव्हा नुसती सुंदर वाटली होती.

तिघी माझ्याकडे बघत होत्या. मला आठवतं, मी शब्दकोश उघडला, तोही नाटक म्हणून. मला डोळ्यांपुढं नांदेडचं घर दिसलं. लोखंडी पेटी दिसली. गल्लीतल्या बायका "आली का परत?" विचारताना दिसल्या. दोघी बहिणी परत आलेल्या.

"तप असाच अर्थ आहे," मी म्हणाले. "थांबायचं. थांबलं की फळ मिळतं."

"आन् नंबर कितवा हाय त्याचा?" मायनं विचारलं.

"बारा."

"बघ!" माय म्हणाली. "हिची बारावीच आली."

अक्कानं पत्ता हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि पदराला पुसून गड्डीत न ठेवता आपल्या पेटीत ठेवला. सिस्टरबाई दारातून आपल्या खोलीत गेल्या. शुक्रवारी ड्युटीवरून आल्यावर त्यांनी विचारलं, "निघाली नाहीस?" अक्का पीठ मळत म्हणाली, "न्हाई सिस्टर. पत्त्यात तप आलंय." सिस्टरबाईंनी चपला काढल्या, परत घातल्या. "चित्रं बघून जगता होय गं तुम्ही?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू? तू सायन्स शिकतेस ना?" त्यानंतर त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. दिवाळीच्या आधी त्यांची बदली झाली.

मी डॉक्टर झाले नाही. थोडे मार्क कमी पडले, थोडे म्हणजे बरेच. दादांनी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि लॉजवर निघून गेले. अक्का म्हणाली, "जाऊ दे, तू वाच." मी वाचत राहिले. पदवी झाली, पुढं नांदेडच्याच एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, आता निवृत्त आहे. अक्का माझ्यासोबत राहिली. उदगीरहून कुणी आलं नाही. तिनं डबे सुरू केले. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पंचवीस-तीस डबे, पुढं त्यांच्या धाकट्या भावंडांना. परगावची शिकणारी पोरं आणि त्यांच्यासाठी रांधणारी अक्का, हे लातूरचं आवार तिच्या आयुष्यातून कधी हललंच नाही. पोरं तिला मावशी म्हणत. नोकरी लागली की पेढे घेऊन येत. ती पेढा देवापुढं ठेवून कामाला लागत असे.

लोक समजूत घालतात. मी हे एका मैत्रिणीला एकदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की तू काहीही सांगितलं असतंस तरी मायनं तिला जाऊ दिलं नसतं, आणि पत्त्यावर कुणाचं आयुष्य ठरतं का. असेलही तसं. ग्रंथालयात असताना त्या विषयावर हाताला लागलं ते सगळं मी वाचलं. एका पुस्तकात उलट्या पत्त्याचा अर्थ धीर धरा असा दिला होता, जवळजवळ मी सांगितला तसाच. ते वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. मी पुस्तक बंद केलं आणि मांडणीत अशा जागी ठेवलं की पुन्हा माझ्या हाती लागू नये. कारण पत्त्याचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा नव्हताच. अक्कानं आपला अर्थ बाजूला ठेवला होता. आयुष्यभर चित्र बघून बरोबर बोलणारी बाई त्या एका संध्याकाळी गप्प बसली आणि म्हणाली, तू सांग.

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती, तिथून आली नाही. पहिल्या दिवसांत ती बोलत होती. सलाईन लावणाऱ्या प्रत्येक मुलीचे हात बघायची आणि विचारायची, "टरेनिंग कुठं झालं गं तुझं, बाई?" एक अगदी लहान वयाची नर्स होती. दुपारी काम नसलं की अक्काच्या खाटेशी स्टुलावर बसून मोबाईल बघे. एकदा म्हणाली, "आजी, यात पत्ता निवडायचा असतो. सांगा, डावा का उजवा?" अक्का म्हणाली, "डावा." मुलीनं बोट लावलं आणि मोबाईल अक्काच्या तोंडासमोर धरला.

"आगं, हा तर आपला तपवाला," अक्का म्हणाली. तिला आनंद झाला होता. मग तिनं मान वाकडी केली. "पर हा उलटा कामून हाय?"

"उलटा नाही आजी, तो असाच असतो. टांगलेला माणूस आहे."

अक्का बघत राहिली. मुलीला कुणी तरी हाक मारली, ती उठून गेली. अक्कानं माझ्याकडे मान वळवली. "मंग तवा आपण उलटा धरला हुता व्हय गं?"

"हाव," मी म्हणाले.

"उलटा आला तर काय असतंय? तुझ्या पुस्तकात असंल की."

खिडकीतून ऊन थेट तिच्या हातावर पडलं होतं, पट्टी लावलेल्या. माझ्यापुढं तेव्हा कुठली बारावी नव्हती. दादा नव्हते, माय नव्हती. कुणी मला घरी नेऊन बसवणार नव्हतं.

"आठवत न्हाई, अक्का," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, "असू दे. मोसंबी सोल एक. बिया काढ."

तिच्या पेटीत चार लुगडी, दहावीची गुणपत्रिका आणि परभणीचं पत्र निघालं. पत्राच्या घडीत तो पत्ता होता. आता पत्र, पत्ता आणि पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पुस्तिकेतल्या त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ आहे, अजून दिसते.